मोहन्याची हळद आणि सातवं नाव

मे महिन्यात ठाणे-कल्याणला कुणी फिरायला जातं का, असं माझ्या बहिणीने फोनवर विचारलं, तेव्हा मी तिच्यावर उखडले होते. आता वाटतं, प्रश्न रास्तच होता. पण मी गेले, चार दिवसांचे नऊ दिवस राहिले, आणि जे झालं ते इथे जसंच्या तसं लिहून ठेवते आहे. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला जाणार असेल तर रस्त्यांची आणि खाण्याची माहिती उपयोगी पडेल. बाकीचं पटलं तर घ्या.

मी साताऱ्याला कॉलेजात इतिहास शिकवते. ज्यांना गावाने कधी पहिल्या पंगतीला बसवलं नाही, त्यांचे कपडे, चेहरे आणि गाणी जाहिरातवाल्यांनी कशी उचलली आणि विकायला मांडली, हा माझा विषय. माझ्या कपाटात साड्या कमी आणि मसाल्याची, मिठाची, सुक्या मासळीची जुनी पाकिटं जास्त आहेत. त्यांच्यावर एक बाई ठरलेली असते. डोक्यावर टोपली, कासोटा, ठसठशीत कुंकू आणि तोंडभर हसू. मिठागरात पाय खारावून ज्यांच्या टाचा फुटल्या त्या बायका अशा हसताना मी तरी पाहिलेल्या नाहीत.

एप्रिलअखेर एका विद्यार्थिनीने मला एक जाहिरात पाठवली. ‘अस्सल आगरी-कोळी हळद, तुमच्या हॉलवर!’ पाहुण्यांना लुगडी आणि टोप्या, भिंतीवर जाळी, दारात होडी आणि ‘खऱ्या धवलारणीचा आवाज’. धवलारीण म्हणजे आगरी लग्नात पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणी म्हणून सगळे विधी चालवणारी बाई, एका अर्थाने तिथली भटजीच. याच विषयावरच्या माझ्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण अडलंच होतं. मी त्या कंपनीला फोन केला, ‘अभ्यासक आहे’ असं सांगितलं आणि एसटीचं तिकीट काढलं.

पहिला दिवस: ठाणे

साताऱ्याहून पहाटेची एसटी पकडली तर जेवणाच्या वेळेपर्यंत ठाणं येतं. स्टँडच्या मागच्या गल्लीत मिसळ खाल्ली. ठाण्याची मिसळ खाताना साताऱ्याच्या माणसाने तिखटाची बढाई मारू नये, एवढंच सांगते. तिथून वागळे इस्टेटला रिक्षाने गेले. नंबरांच्या गल्ल्या, एका शेडमध्ये लेथ मशीन फिरतंय, शेजारच्या शेडला काचा लावून आत कॉम्प्युटरवाले बसलेत. ही कंपनी एका जुन्या वर्कशॉपच्या माळ्यावर होती.

जिना चढून आत गेले आणि थबकले. लांबच लांब हॉलमध्ये तीस-चाळीस पुतळे उभे होते, कपड्यांच्या दुकानात असतात तसले. सगळ्यांना कासोटा नेसवलेला, नाकात नथ. चेहरा सगळ्यांचा एकच, अगदी माझ्या कपाटातल्या पाकिटावरचा. एसी बंद होता, वारा नव्हता, तरी एका पुतळ्याच्या हातातल्या बांगड्या किणकिणत होत्या. खाली लेथ चालू असेल, मजला थरथरत असेल, असं मी स्वतःला समजावलं. समजावण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

कंपनीचा मालक स्वप्नील, तिशीतला, हसतमुख, गळ्यात जाडजूड चेन. मी मनातल्या मनात त्याला लुटारू ठरवून गेले होते, पण तो निघाला तिथलाच, जुन्या आगरी घरातला.

“आजोबांची मिठागरं होती मॅडम, आता तिथे टॉवर आहेत,” तो म्हणाला. “आमचंच कल्चर आहे ना? मग आम्हीच विकायचं. दुसरं कोणी विकलं असतं तर चाललं असतं का तुम्हाला?”

मी विषय बदलला आणि धवलारणीबद्दल विचारलं.

“ओरिजनल आवाज आहे मॅडम. आपली यूएसपी तीच. ऐकाच.”

त्याने स्पीकर लावला. आधी ढोलकी, मग सिंथेसायझर, आणि त्या गोंगाटातून एक जुना, खरखरीत, किंचित नाकातून येणारा आवाज. कल्याणजवळच्या मोहन्याच्या धवलारीण चांगुणाआईंचा आवाज. मी तो आवाज कुठेही ओळखेन, कारण नऊ वर्षांपूर्वी तो मीच रेकॉर्ड केला होता.

“हे कुठून मिळालं तुम्हाला?”

“नेटवर होतं मॅडम. कोणतरी प्रोफेसर बाईंचं लेक्चर होतं, त्याच्या मागे वाजत होतं. आम्ही फक्त साफ केलं.”

त्या लेक्चरचं नाव होतं ‘उपेक्षितांचा आवाज’. ज्ञान सगळ्यांना खुलं असावं, या बाणेदार विचाराने मीच ते टाकलेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी त्याला ती प्रोफेसर बाई कोण ते सांगितलं नाही. लाज वाटली. त्याने पुढचं वाजवायच्या आत त्याला फोन आला आणि तो म्हणाला, “उद्या डोंबिवलीला आमची हळद आहे, फुल ट्रॅक तिकडेच ऐका.”

दुसरा दिवस: डोंबिवली

मुक्काम कल्याणला पश्चिमेला स्टेशनजवळच्या लॉजमध्ये केला. दीड हजारात एसी खोली, चादरी स्वच्छ, फक्त बाजाराच्या बाजूची खोली घेऊ नका, भाजीचे टेम्पो फार लवकर येतात. सकाळी डोंबिवलीत उतरून पूर्वेला इडली-चटणी खाल्ली आणि अकराच्या सुमारास हॉलवर पोचले.

लग्नाची दोन्ही घरं चांगली होती. एक नागपूरकडचं, एक बेळगावचं, मुलगा-मुलगी दोघं आयटीतले. आगरी-कोळी त्यांच्यात औषधालाही नव्हतं. नागपूरच्या मावशा कासोटा सावरत होत्या आणि एकमेकींचे फोटो काढत होत्या. खरं सांगते, मला त्यांचा राग आला नाही. त्या मजेत होत्या.

हॉलच्या कोपऱ्यात पाटावर तांदळाचे सात पुंजके मांडले होते, प्रत्येकावर सुपारी. ‘डेकोरेशन’ म्हणून. ते डेकोरेशन नव्हे हे मला माहीत होतं. प्रत्येक घरची रीत वेगळी असते. चांगुणाआईंच्या घरची अशी की, हळदीला धवलारीण घरातल्या मेलेल्या माणसांना नावं घेऊन बोलावते. एकेक नाव घ्यायचं आणि विचारायचं, आलास का, आलीस का. घरातलं कुणी जिवंत माणूस त्याच्या वतीने ओ देतं. मग त्या नावाचा पुंजका भरायचा. लग्न होईपर्यंत ती मंडळी घरात.

ट्रॅक सुरू झाला. निवेदक माईक घेऊन ओरडला, “मी बोट दाखवलं की सगळ्यांनी जोरात बोलायचं, आयलूऽऽ!”

“रामा, आयलास का रं?” चांगुणाआईंचा आवाज.

“आयलूऽऽ!” दोनशे माणसं खदखदून हसत ओरडली.

“फसाबाय, आयलीस का गो?”

“आयलूऽऽ!”

असं सहा वेळा. कुणाचे तरी आजोबा, कुणाची तरी सासू, मिठागरात उन्हाने गेलेला कुणाचा तरी दीर. डोंबिवलीच्या एसी हॉलमध्ये नागपूर-बेळगावकरांनी त्यांच्या नावाने ओ दिली. सातव्या नावाला निवेदकाने बोट दाखवायचं राहिलं, तो पाणी पीत होता. हॉल क्षणभर शांत झाला.

“हिरे, आयलीस का गो?”

आणि स्पीकरमधून स्पष्ट उत्तर आलं, “आले.”

शुद्ध घाटावरचं ‘आले’. तो आवाज माझा होता. नऊ वर्षं तरुण, उत्साही, मूर्ख. स्वतःचा आवाज आपल्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नावाने हजेरी देतोय, हे ऐकणं किती भयंकर असतं ते मला लिहिता येत नाही.

मी उठून मागे जेवणाकडे गेले. केटरिंगचे नाईक म्हणून पन्नाशीचे गृहस्थ होते, त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सहज विचारलं, या कंपनीची कामं नेहमी करता का.

“करतो ना. दहा-बारा केली असतील.” मग ते जरा घुटमळले. “मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून विचारतो. यांच्या हळदीला एक ताट नेहमी जास्त लागतं. म्हणजे कोणी घेऊन जात नाही हां. त्या कोपऱ्यातल्या टेबलवर उष्टं ताट मिळतं. जेवताना कोणाला बघितलं नाही कधी. मुलीकडचे बोलतात मुलाकडची असेल, मुलाकडचे बोलतात मुलीकडची.”

“असेल कोणी वेटर,” मी म्हणाले.

“असेल,” नाईक म्हणाले, पण त्यांचा चेहरा तसं म्हणत नव्हता.

तिसरा दिवस: मोहने

मोहन्याला जायचं तर शहाड किंवा आंबिवली स्टेशन जवळ पडतं. मी कल्याणहून शेअर रिक्षाने गेले, शहाडच्या पुलावरून. बंद पडलेल्या रेयॉनच्या कारखान्याची भिंत संपता संपत नाही. ती संपली की बाजार आणि मग नदीकडे उतरणाऱ्या गल्ल्या.

चांगुणाआई आता ऐंशीच्या पुढे. डोंबिवलीकडच्या खाडीकाठी मिठागरवाल्या घरात जन्मल्या, लग्न होऊन मोहन्याला आल्या. घर तिमजली, खाली बुलेट उभी, दारात मांडव घातलेला. दोन दिवसांनी नातीची, निकिताची, हळद होती. मी येणार हे कुणाला सांगितलं नव्हतं. चांगुणाआई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली.

“आयलीस का गो मास्तरीन? लई उशीर केलास.”

मी पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण हसल्या नाहीत. निकिताने चहा आणला. ही मुलगी ठाण्यात बँकेत आहे, बोलायला चटपटीत.

“मॅडम, बरं झालं आलात. आजी हळदीला नावंच घेणार नाही बोलते. घरात नुसती भांडणं चाललीत. मला पण पाहिजे ना ते, माझ्या आईच्या लग्नात झालेलं, काकाच्या लग्नात झालेलं. डीजे पण पाहिजे आणि ते पण पाहिजे.”

“का नाही घेणार?” मी विचारलं. आतून मला उत्तर कळलं होतं.

“घेतला असता,” चांगुणाआई म्हणाल्या. “पन हिरा नाय येयाची. बाकीचे सा जन येतील. ते मोठे हायेत, त्याना वाट म्हायत हाय. कोनी कुठं बी हाक मारली तरी फिरून घरी येतान. हिराला कोनी पोचवलीच नाय. ती भटकते. लग्नात जेऊन येते आनि परत दुसऱ्या लग्नात जाते.”

हिरा त्यांची मोठी बहीण. सगळी गाणी चांगुणाआईंना तिनेच शिकवली. स्वतःचं लग्न ठरलेलं असताना तापाने गेली, सोळा वर्षांची. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक हळदीला चांगुणाआई तिला बोलावत आल्या. लग्न झाल्यावर तिसऱ्या दिवशी ज्याने ओ दिली असेल त्यानेच त्या माणसाला पाण्यापर्यंत पोचवायचं, ही रीत. पोचलीस का म्हणून विचारायचं, आणि उत्तराची वाट बघायची.

आता नऊ वर्षांपूर्वीचं. चांगुणाआईंच्या धाकट्या मुलाची हळद होती. हिराच्या वतीने नेहमी ओ देणारी त्यांची जाऊ आजारी होती, आली नव्हती. “हिरे, आयलीस का गो?” असं त्यांनी विचारलं आणि कुणीच बोलेना. मी शेजारीच रेकॉर्डर धरून बसले होते. मला वाटलं, गाणं अडलं, मदत करावी. मी म्हणाले, “आले.” बायका हसल्या. चांगुणाआईंनी माझ्या कपाळाला हळद लावली आणि म्हणाल्या, “आता तीन दिस राव.” मला वाटलं, पाहुणचार. दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षेचं सुपरव्हिजन आहे म्हणून मी एसटी धरून निघून गेले.

“मी नंतर किती फोन केला तुना,” चांगुणाआई म्हणाल्या.

केला होता. मीटिंगमध्ये असायचे, मग राहून जायचं. मी त्या ओट्यावर बसून रडले, पुस्तकाचं प्रकरण, सिद्धांत सगळं विसरून. मी आयुष्यभर पाकिटं बनवणाऱ्यांना नावं ठेवत आले, आणि त्यांनी कुणाची बहीण हरवली नव्हती. स्वप्नीलला तिथूनच फोन लावला. मी कोण ते सांगितलं, ट्रॅक काढून टाकायला सांगितलं. तो बिचारा लगेच हो म्हणाला, माफीही मागितली. “पण मॅडम, सगळ्या डीजेंकडे गेलाय तो. पुण्यात पण वाजतो. मी कोणाकोणाला सांगू?”

चांगुणाआई तांदूळ निवडत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “त्ये ऱ्हाव दे. परवा हलद हाय. तूच आन तिला. तुज्या तोंडाच्या ‘ओ’वर जेली ती, तुज्याच हाकेवर येल.”

चौथा दिवस: डोंबिवली ते मोहने

माझा या गोष्टींवर विश्वास नाही. हे वाक्य मी त्या दिवशी सकाळी आरशासमोर तीनदा म्हटलं आणि डोंबिवलीला गेले. सूचना साध्या होत्या. शेवटचं जिथे तिला बोलावलं तिथे जायचं. तिथले चार तांदूळ ओढणीच्या टोकाला गाठ मारून घ्यायचे. हाक मारायची. मग घरी येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही आणि मागे वळून बघायचं नाही. ट्रेनने यायचं नाही, गर्दीत हात सुटतो.

हॉल धुवायला काढला होता. कोपऱ्यात पाटाखाली तांदळाचे दाणे मिळाले. लादी पुसणारी बाई कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. पन्नाशीच्या प्राध्यापिकेने रिकाम्या हॉलमध्ये “हिरे, चल गो” म्हणणं ही काही सोपी गोष्ट नाही. मी म्हटलं, हळू आवाजात. काहीही झालं नाही. फक्त ती लादी पुसणारी बाई बाजूला सरली, दारातून कुणाला वाट करून द्यावी तशी, आणि पुन्हा पुसायला लागली.

बाहेर रिक्षा केली. एका कागदावर आधीच लिहून नेलं होतं, ‘मोहने. मला बोलता येत नाही.’ रिक्षावाल्याने कागद वाचला, मान डोलावली आणि मुकी बाई म्हणून फार काळजीने चालवायला लागला. डोंबिवली ते मोहने रिक्षाने दुपारी तासभर तरी धरा. ठाकुर्लीपर्यंत ठीक, पुढे सगळी खोदकामं.

पत्रीपुलाच्या अलीकडे तो आरशात बघून म्हणाला, “ताईंना सांगा नीट धरून बसायला, पुढे खड्डे आहेत.”

कोणत्या ताईंना, हे मी विचारू शकत नव्हते. मी समोर बघत राहिले. उजवीकडे सीटवर माझी पर्स होती, एवढंच मला माहीत होतं. मी घामाने भिजले होते, आणि उजवा दंड मात्र गार पडला होता.

कल्याणात सिग्नलला गजरेवाली आली. तिने दोन गजरे पुढे केले. मी मानेने नको म्हटलं तर ती माझ्या बाजूला बघून हसली आणि म्हणाली, “तिला पाहिजे तर बघ.” मी पैसे दिले आणि एक गजरा सीटवर ठेवला. का ठेवला, मला विचारू नका. मला भीती वाटत होती, आणि भीतीच्या खाली दुसरंही काहीतरी होतं. मला मुलंबाळं नाहीत. कुणाला गजरा घेऊन द्यायची वेळ माझ्यावर आली नव्हती.

मोहन्याला उतरताना रिक्षावाला म्हणाला, “पोरगी दमलेली दिसते. जेवायला घाला आधी.”

चांगुणाआई दारातच उभ्या होत्या, हातात भाकरतुकडा आणि पाणी. त्यांनी तो माझ्यावरून ओवाळून टाकला, मग माझ्या उजव्या बाजूला हवेत ओवाळून टाकला. मी तांदूळ त्यांच्या ओंजळीत दिले.

हळद आणि नंतर

निकिताच्या हळदीला डीजे होता, रील होती, गल्ली नाचत होती. तांदळाच्या भाकऱ्या, सुकट, वालाचं बिरडं आणि निवट्यांचं कालवण. निवटे म्हणजे चिखलात उड्या मारणारे मासे, दिसायला भीतिदायक, चवीला अप्रतिम. मिळाले तर सोडू नका. पण सगळ्यात आधी, उन्हं कलताना डीजे बंद करून चांगुणाआई पाटावर बसल्या आणि त्यांनी नावं घेतली. सहा जणांना घरातल्यांनी ओ दिली. कुणी हसलं नाही. निकिताने आजोबांच्या नावाला ओ दिली आणि तिचे डोळे भरून आले.

“हिरे, आयलीस का गो?”

“आले,” मी म्हणाले. चांगुणाआईंनी सातवा पुंजका भरला आणि गाणं सुरू केलं. त्या दिवशी त्या जे गायल्या ते मी रेकॉर्ड केलं नाही. त्यातलं मला आता फारसं आठवतही नाही.

लग्न झालं. या वेळी मी तीन दिवस राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी तांदूळ गाठीला बांधून मी एकटी उल्हास नदीवर गेले. पाण्यावर जलपर्णी पसरलेली, पलीकडे इमारती. गाठ सोडून तांदूळ सोडले आणि विचारलं, “पोचलीस का गो?”

उत्तर कसं येतं, हे चांगुणाआईंनी सांगितलं होतं. पानी हलतं, पक्षी वरडतं, कायतरी होतं, कलतं आपल्याला. मी उभी राहिले. पाणी हललं नाही. पुन्हा विचारलं. दहा मिनिटं, अर्धा तास, पाऊण तास. ऊन चढलं. माझी अकराची एसटी होती, दुसऱ्या दिवशी पेपर तपासायला बसायचं होतं.

घरी आले तर चांगुणाआई उंबऱ्यात बसलेल्या. “पोचली म्हनाली?”

त्या चेहऱ्याकडे बघून मला नाही म्हणवलं नाही. “हो,” मी म्हणाले. “पोचले म्हणाली.”

त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मला सुक्या बोंबलाची पिशवी दिली, रिक्षापर्यंत पोचवायला आल्या आणि रिक्षा वळेपर्यंत हात हलवत राहिल्या.

सातारा

येऊन चार दिवस झाले. आल्या आल्या ते लेक्चर नेटवरून काढून टाकलं, त्याने आता काय होणार ते सगळ्यांना ठाऊक आहे. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण बहुधा मी लिहिणार नाही, किंवा वेगळं लिहीन, त्यात उचलणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव माझं असेल. तिकडे जाणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. कुणाच्याही हळदीला जा, नाचा, खा. पण कुणी नाव घेऊन विचारलं तर ते नाव कुणाचं हे कळल्याशिवाय ओ देऊ नका.

मी एकटी राहते. दोन दिवस मी जेवायला बसताना दोन ताटं घेत होते आणि माझ्या ते ध्यानातही येत नव्हतं. काल दुपारी आलं. दुसऱ्या ताटातली चपाती तशीच होती, एक कोपरा मोडलेला. मी किती तरी वेळ त्या ताटाकडे बघत बसले. मग चांगुणाआईंना फोन लावला.

“आई, मी खोटं बोलले तुमच्याशी,” मी म्हणाले. “नदीवर तिने काहीच उत्तर दिलं नाही.”

“मना म्हायत हाय गो,” त्या म्हणाल्या. “रिक्षात बसलीस तवा तू एका कडंला सरकून बसलीस. मी बघितला ना.”

“मग तुम्ही काही बोलला का नाहीत?”

“काय बोलू? तिचा हात नाय सुटला तुज्याशी. ऱ्हाव दे आता. कंदी गावाभायेर जावाला नाय भेटला तिला.” मग आवाज एकदम घरगुती झाला, शेजारणीशी बोलावं तसा. “पन काय घालतेस तिला जेवाला?”

“चपाती,” मी म्हणाले. “चपाती-भाजी.”

“अगं बाय, चपाती नको घालू. तिला नाय आवडत. भात घाल.”

मी बरं म्हणाले, फोन ठेवला आणि दोघींपुरते तांदूळ धुवायला घेतले.